टक्केवारीच्या रकान्यातली रेघ

दहावीच्या निकालाचा शाळावार तक्ता वर्तमानपत्रात आतल्या पानावर येतो. शाळेचं नाव, परीक्षेला बसलेले, उत्तीर्ण, टक्केवारी, असे चार रकाने. अक्षर इतकं बारीक की आईला ओळीखाली फुटपट्टी धरून वाचावं लागतं. आई ब्याऐंशी वर्षांची. तिच्या दोन्ही मुली मुख्याध्यापिका. थोरलीच्या घरी ती राहते आणि धाकटीच्या शाळेचा निकाल आधी वाचते.

"धाकटीला अठ्ठ्याण्णव पॉइंट छप्पन्न," त्या वर्षी तिने वाचलं.

"छप्पन्न नाही आई. पाच सहा," थोरली स्वयंपाकघरातून म्हणाली. ती गणित शिकवते.

"गेल्या वर्षीपेक्षा वाढलेत." पट्टी आणखी खाली सरकली. "तुझ्या शाळेपुढे याही वर्षी रेघच. शाळा बंद तर नाही ना केली?"

"मी काल तिथूनच आले."

"मग आकडा का देत नाहीत?"

"मुलं कमी असली की देत नाहीत. दरवर्षी सांगते."

"दरवर्षी रेघ असते म्हणून दरवर्षी विचारते."

नियम साधा होता. परीक्षेला बसणारे दहापेक्षा कमी असले, तर त्या शाळेचा निकाल छापायचा नाही. चार मुलांच्या वर्गात पंचाहत्तर टक्के छापले की नापास कोण झालं हे सगळ्या गावाला कळतं. ते कळू नये म्हणून नावापुढच्या तिन्ही रकान्यांत छोटी आडवी रेघ. मुलांच्या दृष्टीने नियम चांगलाच होता. मोठ्या बाईंना, म्हणजे थोरल्या मुलीला, तो मान्यही होता. फक्त त्यांच्या अकरा वर्षांच्या मुख्याध्यापकपदाच्या अकरा रेघा झाल्या होत्या, आणि त्यांतल्या आठ वर्षांत सगळीच्या सगळी मुलं पास झाली होती. हे त्यांना, शिपाईमामांना आणि त्या मुलांच्या घरच्यांना सोडून कोणाला ठाऊक नव्हतं.

मोठ्या बाईंची शाळा सिमेंटच्या कारखान्याने कामगारांच्या मुलांसाठी बांधलेली. बांधली तेव्हा बारा वर्गखोल्या कमी पडत होत्या. कारखाना बंद पडला, कामगारांच्या चाळी रिकाम्या झाल्या, शाळा अनुदानावर तग धरून राहिली. आता तीन खोल्या उघड्या असतात आणि नऊ कुलपात. दर सोमवारी शिपाईमामा कुलपातली एक खोली उघडतात, खिडक्या सताड करतात, संध्याकाळी परत बंद करतात. एवढ्यावरून पाहुण्याला वाटावं की शाळेत काही नवं सुरू होतंय.

त्या निकालानंतरच्या वर्षी आठवीत आठ, नववीत सहा आणि दहावीत नऊ अशी तेवीस मुलं पटावर होती. शिकवायला तीन माणसं: गणित आणि विज्ञानाला स्वतः बाई, भाषांना एक सर, आणि उरलेल्या सगळ्याला दुसरे सर. हे दुसरे सर खेळही घेत. फॉर्मवर 'शालेय संघ' असा रकाना असे, तिथे ते 'खेळाडूंची जमवाजमव सुरू आहे' असं सहा वर्षं लिहीत होते.

एवढ्या लहान शाळेची आकडेवारी भरणं ही वेगळीच करमणूक आहे. वर्गात चार मुलं असतात आणि एकाला ताप येतो, तेव्हा उपस्थिती पंचवीस टक्क्यांनी कोसळते. मग शिक्षण कार्यालयातून पत्र येतं की घसरणीची कारणे व योजलेले उपाय कळवा. बाईंनी एकदा कारण म्हणून 'कांजिण्या' आणि उपाय म्हणून 'खाजवू न देणे' असं कळवलं होतं. रखवालदाराच्या घरची जुळी मुलं आठवीत दाखल झाली त्या वर्षी पटवाढीबद्दल शाळेचं लेखी अभिनंदन झालं. पुढच्या वर्षी रखवालदाराने नोकरी सोडली आणि गळती रोखण्यात अपयश आल्याबद्दल शाळेकडून खुलासा मागवला गेला.

गावाच्या दुसऱ्या टोकाला मॅडमची शाळा. मॅडम म्हणजे धाकटी बहीण. इथे बाई आणि तिथे मॅडम, हा फरकही बाईंना खुपत असे. मॅडमच्या शाळेत चौदाशेच्या वर मुलं. घंटा विजेची. सायकलींना पत्र्याची शेड. फाटकावर गुणवंतांच्या फोटोंचा भला मोठा फलक. बाजारात जायचा जवळचा रस्ता त्या फलकाखालून जात असे, म्हणून बाई लांबच्या रस्त्याने जात. नाइलाजाने जवळून जावं लागलंच, तर फलकावरच्या लिहिण्यातल्या चुका मोजत. एकदा तीन सापडल्या, तेव्हा आठवडाभर त्यांचा मूड बरा होता.

मॅडमच्या शाळेत एखाद्या साध्या मंगळवारी जेवढी मुलं गैरहजर असत, तेवढी बाईंच्या अख्ख्या शाळेत नव्हती. बाईंना धाकटीच्या गैरहजर मुलांचासुद्धा हेवा वाटे.

आणि यामागे हिशेब होता. दोघी शिक्षिका झाल्या तेव्हा गणितात पहिली आली होती ती थोरली. धाकटीला गणित शिकवलं होतं तेही थोरलीने, मारून मुटकून. कारखान्याच्या शाळेत नोकरी मिळणं तेव्हा मानाचं होतं. राहायला घर, पगार वेळेवर, मुलं खच्चून भरलेली. धाकटीला तिथे घेतलं नाही. तिला मिळाली पत्र्याखाली भरणारी, पाच खोल्यांची, नव्याने निघालेली शाळा. आईने तेव्हा थोरलीच्या नोकरीची बातमी सगळ्या नातेवाइकांना कळवली आणि धाकटीबद्दल 'तिलाही लागली आहे कुठेतरी' एवढंच सांगितलं. पुढे कारखाना बंद झाला, गाव त्या बाजूने रिकामं झालं आणि पत्र्याच्या शाळेच्या बाजूने वाढत गेलं. पट असा सगळा गावाबरोबर सरकला. यात धाकटीचं कर्तृत्व किती आणि नकाशाचं किती, हा प्रश्न बाईंच्या मनात कायम असे. विचारण्यासारखं कोणी नव्हतं. आई तर नव्हतीच.

लग्नं दोघींची झाली. बाईंचे यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली. मॅडमचे बँकेत. आई थोरलीकडे राहते, तिचं पथ्यपाणी, डोळ्यांचे थेंब, रात्रीचा खोकला थोरलीकडे. धाकटी रविवारी फळं घेऊन येते. ती जिन्यात आली की आई वेणी नीट करते.

तर त्या वर्षी दहावीत नऊ मुलं होती. नऊ. बाईंनी पट लिहिताना हा आकडा पाहिला आणि त्यांना एखाद्याने अगदी दारापर्यंत आणून परत पाठवावं तसं झालं. त्यांनी चाळींत उरलेल्या घरांत विचारून पाहिलं, विटांच्या भट्टीवर जाऊन आल्या, शाळा सोडून गॅरेजमध्ये लागलेल्या एका पोराच्या घरी दोनदा गेल्या. पोराचा बाप म्हणाला, "बाई, तुम्ही पुन्हा पुन्हा येताय, तुम्हाला शाळेतून कमिशन आहे का?"

अर्धं सत्र गेल्यावर, रविवार नसताना, धाकटी फळं न घेता आली. शाळेत आली.

"ताई, एक काम होतं."

"ते जिना चढलीस तेव्हाच कळलं."

मॅडमनी प्रयोगशाळेकडे नजर टाकली. लांबलचक टेबलाभोवती दहावीचा वर्ग बसला होता, कारण शाळेतले दोन चालू पंखे त्याच खोलीत होते. "तुझ्याकडे बरंय गं," मॅडम म्हणाल्या. "सगळी कशी घरच्यासारखी."

"काम सांग."

काम असं होतं. मॅडमच्या दहावीत एक मुलगी होती, ट्रकचालकाची. बाकीच्या विषयांत कशीबशी तरायची, गणितात तीनदा परीक्षा घेतली आणि तिन्ही वेळा दहाच्या खाली. संस्थाचालकांना या वर्षी शंभर टक्के हवे होते. बाकीच्या काठावरच्या मुलांचं मॅडम बघून घेणार होत्या. हिचं बघता येण्यासारखं नव्हतं. वडिलांना सांगितलं होतं की लहान शाळेत लक्ष जास्त देतात. ते हो म्हणाले होते.

"म्हणजे कचरा माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

"असं काय बोलतेस? मुलगी शहाणी आहे. नुसतं गणित."

"तुला गणित शिकवलंय मी. नुसतं गणित म्हणजे काय ते मला विचार."

"मग तर झालंच. तुझ्या हाताला यश आहे." मॅडमनी पर्समधून पाकीट काढलं. शाळा सोडल्याचा दाखला सही-शिक्क्यानिशी तयार होता. "आणि तुझे दहा होतील ना यामुळे?"

म्हणजे धाकटीला माहीत होतं. नऊ आहेत हे तिला माहीत होतं, रेघ तिला माहीत होती, आणि आपण त्या रेघेपायी काय काय गिळू हेही तिने आधीच मोजून ठेवलं होतं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी दाखला घेतला.

नवी मुलगी दुसऱ्या दिवशी आली. उंच, हळू बोलणारी, आल्या आल्या दप्तर मांडीवर घेऊन बसली, जणू थोड्या वेळात उठायचंय. नऊजणांनी तिचं नाव 'पाहुणी' ठेवलं. बाईंनी त्या दिवशी पटावर दहाचा आकडा लिहिला तो नेहमीपेक्षा थोडा मोठा आला, असं शिपाईमामांचं म्हणणं.

पाहुणीचं गणित तपासायला बाईंना एक दुपार लागली. बेरीज-गुणाकार बरे होते. घोळ एकाच ठिकाणी होता. समीकरणात पद या बाजूचं त्या बाजूला नेलं की चिन्ह बदलायचं, ते ती बदलत नसे. अधिक तसंच अधिक, वजा तसंच वजा. पुढे उत्तर कितीही नीट काढलं तरी चूकच.

"चिन्ह का नाही बदलत?"

"विसरते."

"दरवेळी?"

"कधी कधी आठवतं. तेव्हा वाटतं आधी बदललंय, म्हणून परत बदलते."

बाईंनी मामांकडून रिकाम्या आगपेट्या मागवल्या. प्रत्येकीच्या एका अंगाला लाल शाईने अधिक, दुसऱ्या अंगाला वजा. टेबलाच्या मधोमध खडूने रेघ. एका बाजूला पेट्या मांडायच्या, पेटी रेघेपलीकडे न्यायची तर पालथी घालूनच न्यायची. शाळा सुटल्यावर रोज तासभर हेच. पाहुणी टेबलाभोवती फिरत पेट्या उलटायची आणि बाई कोपऱ्यात स्टुलावर बसून म्हणायच्या, "उलट. आता न्यायची. न्यायच्या आधी उलट." महिन्याभरात ती दहातली पाच समीकरणं बरोबर सोडवायला लागली. मग सहा.

बाई या दिवसांत खुशीत होत्या. खुशीचं कारण पाहुणीच्या प्रगतीपेक्षा थोडं वेगळं होतं. त्या मनातल्या मनात तक्ता छापत होत्या. बसलेले दहा, उत्तीर्ण दहा, शंभर दशांश शून्य शून्य. धाकटीने टाकून दिलेली मुलगी धरून शंभर. आणि पट्टी सरकवणारी आई.

हे पक्कं करून घ्यावं म्हणून त्यांनी शिक्षण कार्यालयात फोन लावला. आकडेवारीच्या टेबलावरचे कारकून त्यांना आवाजावरून ओळखत. कांजिण्यांचा खुलासा त्यांनीच फाइलला लावला होता.

"या वर्षी आमचा निकाल छापणार ना? दहा बसतायत."

"वा, अभिनंदन. पटमोजणी झाली, त्या पटाच्या दिवशी किती होते?"

"तेव्हा नऊ. एक मुलगी नंतर आली."

"मग नऊच धरणार बाई."

"पण परीक्षेला आमच्याकडून बसतेय."

"बसू द्या की. गुणपत्रिका तुमच्याच नावाची मिळेल. पण आकडेवारीत मूल पटाच्या दिवशी जिथे होतं तिथे मोजायचं, असं या वर्षीपासून आलंय. मोठ्या शाळा ऐन वेळी कच्ची मुलं काढून टाकतात ना, म्हणून. परिपत्रक गेलंय सगळ्यांना."

परिपत्रक आलं होतं. बाईंनी ते वाचलं नव्हतं. मुलांनी मध्येच शाळा बदलण्याविषयीचं काहीही त्या वाचत नसत. त्यांच्याकडून मुलं जायची, येत कोणी नसे.

"म्हणजे ही मुलगी कोणाच्या शाळेत मोजणार?"

"आधीच्या."

"नापास झाली तरी?"

"नापास झाली तरी. पास झाली तरी."

बाईंनी फोन ठेवला. खिडकीतून पाहुणी दिसत होती. मधल्या सुट्टीत ती मैदानाच्या कडेला बसून खोडरबर या बोटावरून त्या बोटावर नेत होती, दरवेळी पालथं घालत.

आता गणित सरळ होतं. मॅडमच्या दहावीत ही धरून दोनशे बारा. ही पास झाली तर त्यांचे शंभर टक्के होणार, आणि ते बाईंनी शाळा सुटल्यावर रोज तासभर राबून मिळवून दिलेले असणार. ही नापास झाली तर त्यांचे नव्याण्णव दशांश पाच तीन. बाईंना मात्र दोन्हीकडून रेघ. आणि हे दुसरं व्हावं म्हणून काही करायचीही गरज नव्हती. काही न करणं पुरत होतं.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर बाईंनी पाहुणीला सांगितलं, "आज मला काम आहे."

दुसऱ्या दिवशीही काम होतं. तिसऱ्या दिवशी पाहुणीने आपणहून विचारलं, "बाई, आज पण काम आहे का?"

"हो."

"मग मी बसते इथेच. करून ठेवते. चुकलेली उद्या सांगा."

"चुकतील हे कशावरून?"

"चुकतातच," पाहुणी म्हणाली, तक्रार नव्हती त्यात, आणि पेट्या मांडायला लागली.

बाई ऑफिसात जाऊन बसल्या. काम काहीच नव्हतं. भिंतीपलीकडून पेट्या टेबलावर पडल्याचे बारीक आवाज येत होते. एक पेटी उलटली की आवाज वेगळा येतो आणि नुसती सरकवली की वेगळा, हे एव्हाना बाईंच्या कानांना कळत होतं. बऱ्याच पेट्या नुसत्याच सरकत होत्या. बाईंनी खिडकी लावून घेतली. आवाज खिडकीतून येत नव्हता, त्यामुळे फरक पडला नाही.

घरी त्या रविवारी मॅडम आल्या. सफरचंदं घेऊन. आईने वेणी नीट केली होती.

"ताई, तुला कळलं का? ती मुलगी आमच्यातच मोजणार म्हणे."

"कळलं."

"केव्हा?"

"तुझ्याआधी."

"मला कालच कळलं. संस्थाचालक डोकं खातायत." मॅडमनी सफरचंद कापायला घेतलं. "मग मी काय म्हणते, तुझ्यावर उगाच बोजा कशाला? आमच्याकडे गणिताचे दोन सर रिकामे करते, संध्याकाळी घेतील ते तिला. नावापुरती तुझ्याकडे राहू दे. उद्या येऊन घेऊन जाते."

"घेऊन जाते म्हणजे? तुझी छत्री आहे का ती, विसरलेली?"

"अगं, तुझ्या आता काय उपयोगाची ती?"

आई म्हणाली, "देऊन टाक ना. तिला हवी आहे तर."

हे वाक्य बाईंनी आयुष्यात किती वेळा ऐकलं होतं याला मोजदाद नाही. कंपासपेटी, खिडकीजवळची खाट, निळा स्वेटर. दरवेळी याच सुरात, याच शब्दांत. आणि दरवेळी त्यांनी देऊन टाकलं होतं. धाकटीला एखादी गोष्ट नको असे तोवर ती नुसती पडून असायची. हवीशी झाली की आई मध्ये पडायची.

"नाही देणार," बाई म्हणाल्या.

"आता हट्टीपणा काय करतेस या वयात?"

"पटावर माझ्या आहे ती. दाखला दिलास, सही-शिक्का मारून दिलास. मी मागितला नव्हता."

"पण फायदा माझा होणार ना," मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच समजत नव्हतं. "तू शिकवून पास केलीस तर शंभर माझे होणार. मग तू कशाला मरतेस?"

"तुझ्या त्या दोन सरांना तीन परीक्षांत जमलं नाही. मला जमलं तर शंभर तुझे होतील, हे मला दिसतंय. मला गणित येतं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुझे शंभर जातील. तेही दिसतंय."

सफरचंदाच्या फोडी तशाच राहिल्या. मॅडम जिना उतरताना आईला म्हणाल्या, "ताईचं काही कळत नाही." आई म्हणाली, "लहानपणापासून."

तरीही मॅडम सोमवारी शाळेत आल्याच. पाहुणीला थेट विचारायला. प्रयोगशाळेत पेट्या मांडलेल्या होत्या.

"काय गं, येतेस ना संध्याकाळी तिकडे? दोन सर आहेत तुझ्यासाठी. स्पेशल."

पाहुणीने विचार केला. ती कशावरही आधी विचार करी. "मॅडम, तिकडे आगपेट्या नेता येतील?"

"आगपेट्या कशाला? तिथे प्रोजेक्टर आहे."

"प्रोजेक्टर उलटत नाही," पाहुणी म्हणाली.

मॅडम बहिणीकडे पाहत राहिल्या. बाई टेबलावरची खडूची रेघ ठळक करत होत्या. "चल," त्या पाहुणीला म्हणाल्या, "तीन दिवसांत सगळं विसरली असशील. पहिली पेटी उचल. नेऊ नकोस अजून. उलट आधी."

बाई त्यानंतर सुट्टीच्या दिवशीही शाळेत आल्या. मामांना वाटलं, बाईंना मुलीची दया आली. भाषेच्या सरांना वाटलं, बाईंना कर्तव्याची जाणीव झाली. दोन्ही नव्हतं. धाकटीचे दोन सर, तिचा प्रोजेक्टर, तिची विजेची घंटा यांना जे जमलं नाही ते आपल्याला जमतं, हे बाईंना कोणाला तरी दाखवायचं होतं. आणि ते दिसणार फक्त धाकटीला होतं. तेवढं पुरे होतं. पाहुणी कधी चुकली की त्या कडाडून बोलत, आणि बोलता बोलता तिच्याऐवजी धाकटीलाच बोलल्यासारखं होई. "समोर दिसतंय तरी नाही कसं कळत गं तुला?" पाहुणी मान खाली घालून पेटी उलटी करायची.

परीक्षेत आगपेट्या नेता येणार नव्हत्या. खोडरबर नेता येणार होतं.

निकाल लागला. पाहुणीला गणितात एक्केचाळीस. बाईंची दहाही मुलं पास झाली. चार दिवसांनी वर्तमानपत्रात तक्ता आला. आईने पट्टी घेतली.

"धाकटीला शंभर. शंभर पॉइंट शून्य शून्य. चौकटीत छापलंय बघ." आईचे डोळे भरून आले. मग पट्टी खाली सरकली. "आणि तुझी रेघ."

"त्या शंभरात शून्य दशांश चार सात माझे आहेत," बाई म्हणाल्या.

"म्हणजे किती?"

"एक मुलगी."

"असं कोणी मोजतं का?" आई म्हणाली.

संध्याकाळी धाकटीकडून मिठाईचा खोका आला. बाईंनी तो आईच्या खोलीत ठेवला आणि हात लावला नाही. पुढच्याच आठवड्यात मॅडमच्या फाटकावर नवा फलक लागला. त्यावर दोनशे बारा विद्यार्थ्यांचे छोटे छोटे फोटो होते. बाई मुद्दाम जवळच्या रस्त्याने गेल्या, फलकाखाली उभ्या राहिल्या आणि शेवटच्या ओळीत डावीकडून एकेक पाहत पाहुणीचा फोटो सापडेपर्यंत हलल्या नाहीत. फोटो होता. गणवेश त्यांच्याच शाळेचा होता. फोटोतली कॉलर कोणीतरी मॅडमच्या शाळेच्या रंगाची करायचा प्रयत्न केला होता, तो नीट जमला नव्हता. बाईंनी ही चूक धरली.

नवं सत्र सुरू झालं. नववीतली सहा मुलं दहावीत आली. सहा म्हणजे पुन्हा रेघ. पटाचा दिवस अजून लांब होता. बाईंनी या खेपेला परिपत्रक दोनदा वाचलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा मॅडमच्या शाळेचा जिना चढल्या.

"तू?" मॅडम खुर्चीतून उठल्या. "आईला काही झालं का?"

"आई ठणठणीत आहे. या वर्षी किती काढणार आहेस?"

"काढणार म्हणजे काय, ताई."

"किती?"

मॅडमनी दार लोटून घेतलं. "पाच-सहा काठावर आहेत. अजून ठरवलं नाही."

"चार दे."

"चार कशाला?"

"सहा आहेत माझ्याकडे. पण आत्ता दे. पटाच्या दिवसाआधी. नंतर आणशील तर जिन्यातून परत पाठवीन."

"ताई, कच्ची आहेत गं ती. तुझे शंभर नाही व्हायचे."

"कच्चीच दे."

मॅडमनी चार दिली. तीन मुलगे आणि एक मुलगी. चौघांच्याही आईवडिलांना लहान शाळेत लक्ष जास्त देतात असं सांगण्यात आलं, आणि त्या वर्षापुरतं ते खरं होतं. शिपाईमामांनी आगपेट्या वाढवल्या. एका मुलाचा घोळ चिन्हांत नव्हता, अपूर्णांकांत होता, त्याच्यासाठी बाईंनी वर्षभर कागदाच्या गोल चकत्या कापल्या. चौथ्याचा घोळ कुठे होता ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

पुढच्या निकालाच्या दिवशी आई पट्टी घेऊन बसली तेव्हा बाई स्वयंपाकघरात नव्हत्या. आईच्या शेजारी बसल्या होत्या.

"धाकटीला नव्याण्णव पॉइंट चोपन्न."

"पाच चार."

"तेच ते. घसरली म्हणायची." पट्टी सरकत खाली आली आणि थांबली. आईने चष्मा पुसला. "अगंबाई. बसलेले दहा, उत्तीर्ण आठ. ऐंशी."

"परत वाच."

"परत वाचून वाढणार आहेत का?"

"वाच तू."

आईने परत वाचलं. ऐंशी दशांश शून्य शून्य. "धाकटीपेक्षा वीस कमीच," ती म्हणाली.

बाई उठल्या. त्यांनी फोन लावला. मॅडमनी लगेच उचलला, जणू हातातच होता. "ताई, बघितलं मी. आले गं तुझे छापून."

"तुझ्याकडे एक राहिलाय. दोनशे एकोणीसांत एक."

"हो ना. संस्थाचालक..."

"गणितात?"

"गणितातच."

"मग तो मला का नाही दिलास?"

"ताई, तुझेच दोन राहिलेत की."

"राहिले तर राहिले," बाई म्हणाल्या. "तो का नाही दिलास?"